पंधरा किलो कुणी ठरवलं? – लोकहितासाठी लावलेल्या बक्षिसांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून बक्षीस समारंभाकडे कसे वळलात?" त्याला म्हटलं, समारंभाशी माझं काही देणंघेणं नाही. मला बोलायचं आहे ते एका विशिष्ट प्रकारच्या बक्षिसाबद्दल, आणि त्यातही एका प्रश्नाबद्दल. तो प्रश्न मला एका माणसाने विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर मी होतो. डोंगरउतारावरच्या शेतात नाचणीची मळणी करता येईल असं, विजेशिवाय चालणारं यंत्र बनवायचं, अशी ती स्पर्धा. बाकीचे परीक्षक इंजिनीअर. मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं म्हणून 'सामाजिक उपयुक्तता' या रकान्याचे गुण देण्याचं काम माझ्याकडे. एका खेड्यात वेल्डिंगचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आपलं यंत्र घेऊन आले होते. यंत्र उत्तम चालत होतं. पण नियमात लिहिलं होतं, वजन १५ किलोपेक्षा जास्त नको, आणि काट्यावर भरलं १७ किलो ४०० ग्रॅम. त्यांचं म्हणणं असं, की जास्तीचं वजन चाकाचं आहे; चाक जड ठेवलं म्हणून ते एकदा फिरलं की फिरत राहतं आणि फिरवणाऱ्या बाईचा हात भरून येत नाही. चाक हलकं केलं तर काटा खूश होईल, बाई नाही. आम्ही चर्चा केली आणि त्यांना बाद केलं. मीही बादच्या बाजूने मत दिलं. जाताना त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "सर, तो पंधरा किलोचा आकडा कुणी ठरवला?"

आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आज मी या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. तुम्हाला वाटेल त्यापेक्षा तो बराच जुना आहे.

पण लावणे

आधी एक भेद स्पष्ट करू. बक्षिसं दोन जातींची असतात. एक, झालेल्या कामाची पावती. नोबेल घ्या, ज्ञानपीठ घ्या. काम आधी, बक्षीस नंतर. दुसरी जात उलटी. काम झालेलं नाही, ते कोण करेल ठाऊक नाही, होईल की नाही तेही ठाऊक नाही. पण जो करून दाखवेल त्याला अमुक देऊ, असं आधीच जाहीर करायचं. आपल्याकडे यासाठी छान शब्द आहे, 'पण'. जनकाने धनुष्याचा पण लावला होता. द्रौपदीच्या स्वयंवरात मत्स्यवेधाचा पण होता. तिथेसुद्धा वाद झालाच. महाभारताच्या काही पाठांत कर्ण धनुष्य उचलायला पुढे येतो आणि त्याची पात्रताच नाकारली जाते. म्हणजे कौशल्याची परीक्षा जाहीर केली, आणि ऐनवेळी कुळाची घेतली. पण लावणाऱ्याने जाहीर केलेली अट आणि त्याच्या मनातली अट एक नसली की काय होतं, ते आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं.

इंग्रजीत याला 'चॅलेंज प्राइझ' म्हणतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सरकारं, मोठे न्यास, दानशूर उद्योगपती यांना ही कल्पना फार आवडू लागली आहे. अनुदान दिलं तर काम झालं नाही तरी पैसे गेले. बक्षीस लावलं तर काम झालं तरच पैसे. ऐकायला बिनतोड वाटतं. तर या कल्पनेचं जे सगळ्यात गाजलेलं उदाहरण, तिथून सुरुवात करू.

अर्धा अंश

समुद्रात जहाज कुठे आहे हे सांगायला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश सोपा, सूर्याची किंवा ध्रुवाची उंची मोजली की मिळतो. रेखांश अवघड. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. म्हणून रेखांशातला फरक हा खरं तर वेळेतला फरक असतो. आपल्या पंचांगकर्त्यांना हे पक्कं माहीत होतं. उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे त्यावरून ते 'देशांतर' संस्कार करत. प्रश्न एवढाच, की भर समुद्रात असताना आपल्या बंदरात आत्ता किती वाजले आहेत हे कळायचं कसं? १७०० च्या सुमाराला लंबकाची घड्याळं जमिनीवर उत्तम चालत. जहाजावर नेली की लंबक जहाजाबरोबर डोलणार. तेल थंडीत घट्ट होणार, उन्हात पातळ होणार.

आणि हे न कळण्याची किंमत माणसांच्या जिवात मोजली जात होती. १७०७ साली ॲडमिरल शॉव्हेल यांचा ब्रिटिश ताफा परतीच्या वाटेवर सिली बेटांच्या खडकांवर आदळला. चार जहाजं बुडाली. चौदाशे ते दोन हजार माणसं गेली. स्पेनच्या राजाने तर शंभर वर्षं आधीच बक्षीस लावलं होतं. त्यासाठी गॅलिलिओनेही गुरूच्या चंद्रांचा उपयोग करायची पद्धत सुचवली होती. अखेर १७१४ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. इंग्लंडहून वेस्ट इंडिजपर्यंतच्या सफरीत रेखांश एका अंशाच्या आत सांगितला तर १०,००० पौंड, दोन-तृतीयांश अंशाच्या आत सांगितला तर १५,००० आणि अर्ध्या अंशाच्या आत सांगितला तर २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. सहा आठवड्यांच्या प्रवासात दोन मिनिटं म्हणजे दिवसाला तीन सेकंदांपेक्षाही कमी चूक.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्याने साध्य सांगितलं, साधन सांगितलं नाही. घड्याळ आणा, चंद्र आणा, काहीही आणा, रेखांश सांगा. न्यूटनसारख्या माणसाने संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की घड्याळाची वाट तत्त्वतः बरोबर आहे, पण जहाजाचं डोलणं आणि हवामानाचे बदल सोसणारं घड्याळ अजून कुणी बनवलेलं नाही. त्याचा कल आकाशाकडे होता. पण कायद्याने घड्याळाचं दार बंद केलं नाही. आणि त्या दारातून आला एक सुतार.

जॉन हॅरिसन, जन्म १६९३. सुताराचा मुलगा, घड्याळाचं रीतसर शिक्षण नाही. १७३५ मध्ये त्याने समुद्रासाठी पहिलं घड्याळ पुरं केलं. त्याचं वजन किती होतं माहीत आहे? सुमारे ३४ किलो! समजा, संसदेतल्या कुणी कायद्यात 'वजन १५ किलोपेक्षा जास्त नको' असं एक कलम घातलं असतं, तर हॅरिसन पहिल्याच फेरीत घरी गेला असता. तसं कलम नव्हतं म्हणून पुढे दुसरं, तिसरं घड्याळ झालं. तिसऱ्यावर जवळजवळ १९ वर्षं गेली. आणि १७५९ मध्ये चौथं आलं. ते हातात मावेल एवढं, १३ सेंटिमीटर व्यासाचं, वजन जेमतेम दीड किलो. वजन कमी करा असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्नाशी झुंजताना त्याला स्वतःलाच कळलं की लहान, जलद हलणारं चक्र जहाजाच्या डोलण्याला बधत नाही.

आता पुढची गोष्ट बहुतेकांनी अशी ऐकलेली असते: गरीब कारागीर जिंकला, पण गर्विष्ठ विद्वानांनी त्याचं बक्षीस अडवलं. ती पूर्ण खोटी नाही. पण अर्धी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आपला विषय आहे.

१७६१ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम ते चौथं घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांत घड्याळाची चूक भरली सुमारे ५ सेकंद. दोन मिनिटांची मुभा आणि चूक पाच सेकंदांची! वीस हजार पौंड खिशात असं कुणालाही वाटेल. परीक्षक मंडळ म्हणालं, नाही. एक म्हणजे जमैकाचा रेखांशच आम्हाला नक्की माहीत नाही, तर तुमचं उत्तर बरोबर की चूक हे ताडून बघायचं कशाशी? दुसरं, घड्याळ रोज किती मागे पडतं हे आधी लिहून द्यायला हवं होतं. आणि तिसरं, एकदा जमलं म्हणजे जमलंच असं कसं धरायचं? पुढच्या चुका उलटसुलट होऊन एकमेकींना खाऊन गेल्या नसतील कशावरून?

मित्रहो, हा आक्षेप खवचट वाटतो, पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. नैयायिक म्हणतात, व्याप्ती ठरवायची तर भूयोदर्शन हवं, पुन्हा पुन्हा बघायला हवं. मंडळाने नेमकं हेच मागितलं. १७६४ मध्ये पुन्हा सफर झाली, यावेळी बार्बाडोसला. नेव्हिल मॅस्कलिन नावाचा खगोलशास्त्रज्ञ तिथल्या ठिकाणाचा रेखांश आकाशावरून पक्का करायला मुद्दाम गेला. घड्याळाची चूक भरली ३९ सेकंद. पुन्हा मुभेच्या कितीतरी आत.

तरीही मंडळाने पुरे पैसे दिले नाहीत. १७६५ मध्ये नवा कायदा आला. घड्याळ उघडून, त्याचं सगळं तंत्र समजावून द्या, मग निम्मे, १०,००० मिळतील. उरलेले निम्मे तेव्हा, जेव्हा दुसऱ्याला तसंच घड्याळ बनवता येतं हे सिद्ध होईल. हॅरिसन संतापला. सत्तरी उलटलेला माणूस, तीस-चाळीस वर्षं या एका कामात घातलेली, आणि आता खेळाचे नियमच बदलताहेत! त्यात भर म्हणजे तो मॅस्कलिन त्याच वर्षी राजज्योतिषी झाला आणि पदसिद्ध म्हणून मंडळावर बसला. मॅस्कलिन स्वतः चंद्राच्या पद्धतीचा पुरस्कर्ता. प्रतिस्पर्धी मताचा माणूस पंचाच्या खुर्चीत, हे आजही कुठल्या स्पर्धेत चालणार नाही.

पण क्षणभर मंडळाच्या जागी बसून बघा. १७१४ च्या कायद्यात दोन शब्द होते; मराठीत सांगायचं तर पद्धत 'व्यवहार्य आणि उपयुक्त' हवी. व्यवहार्य म्हणजे काय? एका म्हाताऱ्या कारागिराने कित्येक वर्षं खपून बनवलेलं एकच घड्याळ म्हणजे 'पद्धत' का? तो उद्या गेला आणि विद्या बरोबर गेली, तर समुद्रावरच्या खलाशाला त्याचा उपयोग काय? वीस हजार पौंड सार्वजनिक पैसे होते. ते घड्याळासाठी नव्हते, बुडणाऱ्या माणसांसाठी होते.

म्हणजे दोन्ही बाजूंना न्याय आहे. हॅरिसन म्हणतो, तुम्ही शब्द दिलात तो पाळा. मंडळ म्हणतं, शब्द आम्ही जनतेसाठी दिला, तो जनतेच्या कामी यायला हवा. दोष कुठे आहे? दोष १७१४ मध्ये आहे. 'व्यवहार्य आणि उपयुक्त' याचा अर्थ तेव्हाच सांगायला हवा होता. तो सांगायला त्यांनी पन्नास वर्षं लावली, आणि सांगितला तेव्हा समोर घड्याळ होतं आणि माणूस म्हातारा झाला होता. नियम योग्य असला तरी शर्यत संपल्यावर केला, तर तो अन्याय होतो.

शेवटी हॅरिसनने तंत्र उघड केलं. लार्कम केंडल नावाच्या कारागिराने १७६९ मध्ये त्याची हुबेहूब प्रत केली, आणि तीच घेऊन कॅप्टन कुक आपल्या दुसऱ्या सफरीवर गेला व तिचं मनापासून कौतुक करत परतला. हॅरिसनला १७७३ मध्ये संसदेने आणखी ८,७५० पौंड दिले, तेही राजाकडे दाद मागितल्यानंतर. तीन वर्षांनी तो वारला. ते वीस हजारांचं बक्षीस, बक्षीस म्हणून, कुणालाच कधी दिलं गेलं नाही.

उचल

आता मला हिशेबातला एक आकडा दाखवायचा आहे. हॅरिसनला एकूण मिळाले सुमारे २३,००० पौंड. त्यातले १०,००० आणि ८,७५० हे अखेरचे. उरलेले ४,३१५ पौंड? ते मंडळाने १७३७ पासून थोडे थोडे, पुढचं घड्याळ बनवण्यासाठी म्हणून दिले होते. आपल्या शब्दांत, उचल. मूळ कायद्यातच प्रयोगांसाठी आगाऊ पैसे देण्याची सोय होती. शिवाय जॉर्ज ग्रॅहम या लंडनच्या प्रसिद्ध घड्याळजीने त्याला सुरुवातीला बिनव्याजी पैसे दिले.

विचार करा, ही उचल नसती तर? एक सुतार १९ वर्षं एकाच यंत्रावर कशाच्या जोरावर बसला असता? इतिहासात गाजलं ते वीस हजारांचं बक्षीस, पण घड्याळ घडलं ते उचलीवर. बक्षिसाने माणसाला दिशा दिली. भाकर दिली उचलीने. आज 'अनुदान नको, बक्षीस लावा' असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब जरूर बघावा. नुसतं बक्षीस लावलं तर शर्यतीत तेच उतरतील ज्यांना हरणं परवडतं.

आणि दुसऱ्या वाटेलाही तिचं श्रेय द्यायला हवं. चंद्राच्या पद्धतीसाठी जर्मन गणिती टोबियास मायर याने कोष्टकं केली होती. त्याच्या विधवेला १७६५ मध्ये ३,००० पौंड मिळाले. मॅस्कलिनने १७६७ सालापासूनचं नाविक पंचांग छापायला घेतलं. ते स्वस्त होतं, घड्याळं महाग. पुढची कित्येक दशकं सामान्य जहाजं दोन्ही वापरत राहिली. घड्याळं स्वस्त झाली ती पुढच्या पिढीतल्या अर्नॉल्ड आणि अर्नशॉ यांनी रचना सोपी केल्यावर. १८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या बीगल जहाजावर तर २२ घड्याळं होती. एक प्रश्न, एक वीर, एक बक्षीस अशी ही गोष्ट नव्हती.

एक लाखाचा चरखा

आता आपल्या देशात येऊ. कारण हाच प्रयोग इथेही झाला, आणि तो आपण विसरून गेलो आहोत.

१९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. लाखो घरांत सूत निघावं, रिकाम्या हातांना चार पैसे मिळावेत, ही गांधीजींची धडपड. अडचण एकच आणि ती मोठी: दिवसभर कातून बाईच्या हातात जे पडायचं ते फार थोडं. मजुरी वाढवली तर खादी महाग होणार, आणि सूत वाढवायचं तर चरखा सुधारायला हवा. म्हणून १९२९ मध्ये चरखा संघाने बक्षीस जाहीर केलं, रुपये एक लाख. त्या काळचे एक लाख! देशातल्याच नव्हे, परदेशातल्या संशोधकांनाही दार उघडं होतं.

अटी ऐका. चरखा हलका हवा, उचलून नेता यावा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता यावा. एका बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता यावा. पेळू हाताने केलेले चालावेत, नाहीतर पेळू करण्याची सोय यंत्राबरोबरच असावी. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाची डागडुजी किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत भागावी. आणि शेवटची अट: पेटंट खुशाल घ्या, पण बक्षीस हवं असेल तर तो हक्क चरखा संघाच्या नावे करून द्या.

१७१४ च्या कायद्याशी ताडून बघा. लंडनला जे पन्नास वर्षांनी सुचलं, म्हणजे विद्या लोकांच्या मालकीची झाली पाहिजे, ते इथे पहिल्या दिवशी लिहिलं होतं. अटी लिहिणाऱ्याने झोपडी पाहिली होती, कातणारीचा खांदा पाहिला होता, मोडलेला चरखा दुरुस्त करायला खेड्यात कोण असतं तेही पाहिलं होतं. यातली कुठलीही एक अट उचला, ती कुणी आणि का घातली हे सांगता येतं. वेल्डिंगवाल्या गृहस्थांनी हा जाहीरनामा वाचला असता, तर त्यांना प्रश्न विचारायची गरज पडली नसती.

आणि तरीही ते एक लाख कुणालाच मिळाले नाहीत.

प्रयत्न कमी झाले असं नाही. आपल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही यंत्र तयार केलं. लोखंडी नांगर घडवून शेतकऱ्याचा विश्वास मिळवलेला तो कारखाना. यंत्र म्हणजे काय आणि खेडं म्हणजे काय, दोन्ही ठाऊक असलेली माणसं. तेही यंत्र परीक्षकांच्या कसोटीला पुरतं उतरलं नाही.

असं का व्हावं? माझं उत्तर असं. एकेक अट सुटी घेतली तर रास्त आहे. पण अटी एकमेकींशी भांडतात. सूत जास्त हवं तर चात्या वाढवाव्या लागतात; चात्या वाढल्या की चक्रं वाढतात, वजन वाढतं, जोर लागतो आणि बाई थकते. भाग बारीक आणि अचूक केले तर किंमत वाढते आणि खेड्यातल्या सुताराला दुरुस्ती जमत नाही. रेखांशाच्या प्रश्नात अट एकच होती आणि निकाल आकाश देणार होतं. चरख्याच्या प्रश्नात अटी सात-आठ होत्या आणि त्या सगळ्या एकदम पाळायच्या होत्या. बक्षिसाची रक्कम वाढवून विसंगती मिटत नसते. एक लाखाचे दहा लाख केले असते तरी जड आणि हलकं एकाच वेळी होणं कठीणच.

मग बक्षीस वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. न सुटलेल्या प्रश्नाची एवढी नेमकी मांडणी हेसुद्धा ज्ञान असतं. काय हवं आहे ते पुढच्याला कळतं. स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूतल्या एकांबरनाथ यांनी गिरणीतल्या कताईचं तत्त्व लाकडी चरख्यात बसवलं. त्यांच्याच नावावरून त्याला अंबर चरखा म्हणू लागले. त्यांना काही ते एक लाखाचं बक्षीस खुणावत नव्हतं. त्याची मुदत कधीच संपली होती. चरखा संघाने तो चरखा पुढे वाढवला, १९५६ मध्ये सरकारने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी त्यावर जोरदार वाद झाले. तो पूर्ण यशस्वी झाला असं कुणी म्हणणार नाही. पण १९२९ च्या जाहीरनाम्यातला प्रश्न त्याने वीस वर्षांनी हातात घेतला होता, हे खरं.

पुण्याची लस

आता जवळच्या काळातलं एक उदाहरण, थोडक्यात. कारण ते पुण्याशी जोडलेलं आहे.

न्यूमोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे लहान मुलांना जीवघेणा न्यूमोनिया होतो. श्रीमंत देशांत लस होती. गरीब देशांसाठी ती पुरेशी बनवायला कंपन्या तयार नव्हत्या, कारण विकत घेणार कोण? २००९ मध्ये पाच देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १.५ अब्ज डॉलर्सचं वचन दिलं. ठरलेल्या गुणांची लस आणा, गरीब देशांनी ती मागितली तर आम्ही डोसामागे वरकड रक्कम देऊ, मात्र पुढे तुम्ही डोस ३.५० डॉलरच्या आतच विकायचा. हे अगदी बक्षीस नव्हे, पण बक्षिसाचं सख्खं भावंड. यात पंच कोण? जो देश लस मागवतो तो. कुणालाच नको असेल अशा लसीला एक पैसाही नाही.

यातही टीका झालीच. पहिली कित्येक वर्षं पुरवठा आणि पैसा दोनच बड्या कंपन्यांकडे गेला, ज्यांच्या लसी वचनाआधीच जवळजवळ तयार होत्या. जे आपणहून पोचणारच होते त्यांना बक्षीस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ती डोसाला २ डॉलर या दराने पुरवण्याचा करार झाला. आणि इथेही हॅरिसनचा हिशेब आठवा: ही लस घडत होती त्या वर्षांत 'पाथ' या संस्थेची साथ आणि देणगीचा पैसा तिच्या मागे उभा होता. टोकाला वचन होतं, वाटेत उचल होती.

उत्तर

आता त्या गृहस्थांकडे परत येतो.

ते गेल्यावर मला चैन पडेना. मी संयोजकांकडे विचारपूस केली की पंधरा किलो आले कुठून. बऱ्याच कागदांनंतर कळलं, की आधी कधीतरी एका वेगळ्याच यंत्राची स्पर्धा झाली होती. तिचा मसुदा समोर ठेवून नाव बदललं आणि आकडा तसाच राहिला. पंधरा किलो कुणीच ठरवले नव्हते. ते नुसते उतरवून घेतले होते.

मग मी चुकलो का? यावर मी खूप विचार केला आहे. त्या दिवशी आणखी सहा-सात जण होते. त्यांनी पंधरा किलोत बसावं म्हणून पत्रा पातळ घेतला होता, चाक लहान केलं होतं, यंत्राची ताकद कमी करून घेतली होती. नियम पाळायची किंमत त्यांनी मोजली होती. यांच्यासाठी नियम वाकवला असता, तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता. मंडळाने हॅरिसनवर केला तसाच, उलट्या बाजूने. म्हणून बाद करण्याचं मत मी आजही बदलणार नाही. माझी चूक वेगळी होती. स्पर्धा जाहीर होण्याआधी तो मसुदा माझ्याकडे आला होता. मी 'सामाजिक उपयुक्तता' हा माझा रकाना वाचला आणि सही केली. पंधरा किलो का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. उतारावरून यंत्र वाहून नेणाऱ्या एका तरी बाईला विचारायला हवं होतं, की बाई, तुम्हाला वाहायला हलकं हवं की फिरवायला? तो प्रश्न विचारायचं काम माझं होतं. यंत्र बनवणाऱ्याला तो विचारावा लागला.

लोकहितासाठी बक्षीस लावणं म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. आपण त्याला म्हणतो, तू तुझी वर्षं यात घाल, मी तुझं काम न्यायाने बघेन. म्हणून ज्यांच्या हाती अशी स्पर्धा ठरवणं असेल, आणि या मालिकेच्या श्रोत्यांत शिक्षक, अधिकारी, संस्थाचालक बरेच आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. प्रत्येक आकड्यापुढे एक कोरी ओळ सोडा आणि तिथे लिहा, हा आकडा का. लिहिता आलं नाही तर आकडा खोडा. साध्य सांगा, साधन मोकळं ठेवा. जिंकलेली विद्या कुणाची होणार हे पहिल्या दिवशी सांगा. ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्याला पंच करू नका. आणि बक्षिसाच्या रकमेतला काही भाग काढून वाटेतल्या उचलीसाठी ठेवा, म्हणजे ज्याच्याकडे फक्त वेल्डिंगचं दुकान आहे तोही शर्यतीत उतरू शकेल.

त्या गृहस्थांना मी नंतर पत्र लिहिलं. आकडा कुठून आला ते खरंखरं सांगितलं आणि क्षमा मागितली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: यंत्र आता १६ किलोवर आणलं आहे, चाक तेवढंच ठेवलं आहे.